घरी शिकणाऱ्या मुलांची चाचणी ऐच्छिकच राहू द्या, पण निकाल वाचायला शिका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुले शाळेत न जाता घरीच शिकतात म्हटले की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘मग त्यांची परीक्षा कोण घेतं?’ प्रश्न चुकीचा नाही. पण त्यावरचा वाद दोन टोकांना जाऊन अडकतो. काहींना वाटते, दरवर्षी सक्तीने चाचणी घ्यावी आणि कमी गुण पडले तर मुलाला शाळेत पाठवावे. काही पालकांना चाचणी हा शब्दही नकोसा होतो. या दोघांच्या मधली एक वाट आहे आणि ती फारशी कोणी समजावून सांगत नाही. पालकांनी आपणहून, ठरावीक कारणासाठी प्रमाणित चाचणी घ्यावी आणि तिचा निकाल मुलाचे पुढचे शिकणे आखायला वापरावा, ही ती वाट. आमच्या मते अशा चाचणीची खरी किंमत तिच्या ऐच्छिक असण्यातच आहे. गुणांवर काहीच टांगलेले नसेल तर मूल जे येते ते लिहिते, जे येत नाही ते सोडते आणि पालकांना खरे चित्र दिसते.

प्रमाणित चाचणी म्हणजे सगळ्या मुलांना एकच प्रश्न, त्याच शब्दांतल्या सूचना, तेवढाच वेळ आणि तपासणीचे एकच नियम. बहुतेक चाचण्यांमध्ये मुलाचे गुण आधी मोजलेल्या हजारो मुलांच्या गुणांशी ताडून पाहतात. काही चाचण्या मात्र तुलना करत नाहीत. ‘दोन अंकी भागाकार येतो की नाही’ असा निकष ठेवून त्या होय किंवा नाही एवढेच सांगतात. आपल्या हातातली चाचणी यातली कोणती हे पालकांनी सर्वांत आधी विचारावे. मुलाला पुढच्या महिन्यात काय शिकवायचे हे ठरवायचे असेल तर दुसऱ्या प्रकारची चाचणी जास्त उपयोगी पडते. पहिल्या प्रकारची चाचणी आपले मूल साधारण कुठे आहे एवढा अंदाज देते, त्याहून जास्त तिच्याकडून मागू नये. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी बुद्धिमापनाची आपली श्रेणी तयार केली, ती वर्गात मागे पडणारी, जादा मदत लागणारी मुले ओळखण्यासाठी. मुलांना चाळणी लावणे हा वापर नंतर आला.

आता निकालपत्राकडे वळू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

पहिला घोळ टक्के आणि पर्सेंटाइल यांचा. ४० पैकी २६ उत्तरे बरोबर आली तर ते ६५ टक्के झाले. पर्सेंटाइल वेगळी गोष्ट सांगते. तुलनेच्या गटातली शंभरातली किती मुले याच्या खाली आहेत, ते त्यातून कळते. त्याच २६ गुणांना ५० पर्सेंटाइल मिळू शकते आणि ८० सुद्धा. बाकीच्यांना तो पेपर कसा गेला यावर ते अवलंबून. ‘५० पर्सेंटाइल’ वाचून मूल काठावर पास झाले असे समजणारे पालक पुष्कळ आहेत. ५० म्हणजे बरोबर मधोमध, आणि त्यात काळजीचे काही नाही.

दुसरी गोष्ट, पर्सेंटाइलच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. मधल्या भागात मुलांची गर्दी असते, टोकांना विरळ. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती पसरतात त्याचे माप) १५ अशी मोजपट्टी धरली तर १०० गुण म्हणजे ५० पर्सेंटाइल, १०५ म्हणजे ६३. पाच गुणांत तेरा घरे पुढे. पण १३० वरून १३५ वर गेले तर ९८ चे जेमतेम ९९ होते. पाच गुण तेवढेच, उडी मात्र वेगळी. म्हणून दोन वर्षांची किंवा दोन विषयांची तुलना पर्सेंटाइलने करू नये. निकालपत्रात दिलेल्या प्रमाण गुणांनी, म्हणजे वरच्यासारख्या सारख्या पायऱ्यांच्या मोजपट्टीवरच्या गुणांनी करावी.

तिसरी गोष्ट मोजण्यातल्या चुकीची. ही निकालपत्रात बारीक अक्षरात छापलेली असते किंवा नुसत्या पट्टीने दाखवलेली असते. चांगल्या चाचणीची विश्वसनीयता (पुन्हा घेतली तर तसाच निकाल देण्याची क्षमता, १ म्हणजे पूर्ण) ०.९० धरली तर वरच्या मोजपट्टीवर प्रमाण त्रुटी, म्हणजे गुण साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतात ते माप, सुमारे पावणेपाच गुणांची येते. याचा अर्थ असा की १०० गुण मिळालेल्या मुलाची खरी पातळी बहुधा ९५ ते १०५ च्या दरम्यान आहे, म्हणजे ३७ ते ६३ पर्सेंटाइलमध्ये कुठेही. आणि जवळजवळ खात्रीने बोलायचे, म्हणजे शंभरात पंचाण्णव वेळा बरोबर ठरेल असे, तर ९१ ते १०९ म्हणावे लागते. ते झाले २७ पासून ७३ पर्यंत. मूल बदललेले नाही, कागदावरचा आकडा मात्र एवढ्या मोठ्या पट्ट्यात फिरू शकतो.

दोन निकालांची वजाबाकी केली की दोन्ही बाजूंच्या चुका एकत्र येतात. अशा चाचणीत दोन प्रमाण गुणांमध्ये १३ च्या आसपास फरक असेल तरच तो खरा मानायला आधार आहे. गेल्या वर्षी ६२ पर्सेंटाइल, यंदा ४८, म्हणून घरात रडारड होते. प्रत्यक्षात हा फरक प्रमाण गुणांत पाचाच्या आसपास येतो. तो चाचणीच्या स्वतःच्या डगमगण्यात सहज बसतो. त्यावरून पुस्तके बदलणे किंवा शिकवणी लावणे हे घाईचे होईल. उलट बाजूनेही सांभाळावे लागते. पहिल्या वेळी फारच कमी गुण पडलेले मूल दुसऱ्या वेळी काहीही न करता थोडे वर येण्याची शक्यता जास्त असते, कारण पहिल्या वेळच्या आकड्यात त्या दिवसाचे दुर्दैवही मिसळलेले होते. नव्या पद्धतीचे श्रेय द्यायला मग सगळेच पुढे होतात.

चौथा घोळ ‘इयत्ता-समतुल्य’ गुणांचा, आणि हा सगळ्यात फसवा. तिसरीचा पेपर सोडवणाऱ्या मुलाच्या नावापुढे ६.२ असा आकडा छापून येतो. पालक म्हणतात, मूल सहावीचे गणित करते. तसे नसते. सहावीतल्या सर्वसाधारण मुलाला हाच तिसरीचा पेपर दिला असता तर त्याला जेवढे गुण पडले असते, तेवढे या मुलाला पडले, एवढाच त्याचा अर्थ. सहावीतले अपूर्णांक, गुणोत्तरे यांतला एकही प्रश्न त्या पेपरात नव्हता. आमची सूचना सरळ आहे. या रकान्याकडे बघूच नका.

उपघटकांचे गुण वाचतानाही हात आखडता ठेवावा. ‘मापन’ या घटकावर सहाच प्रश्न असतील तर एक उत्तर चुकले की १७ टक्के गेले. सहापैकी तीन बरोबर आणि सहापैकी चार बरोबर यांत फरक आहे असे म्हणायला काही आधार नाही. अशा घटकाकडे फक्त खूण म्हणून पाहावे आणि घरी त्याच विषयावरची दहा-बारा साधी उदाहरणे देऊन खात्री करून घ्यावी.

यानंतर पातळी निवडण्याचा प्रश्न. शाळेतल्या मुलांना त्यांच्या इयत्तेचा पेपर मिळतो. घरी शिकणारे मूल मात्र वाचनात सहावीच्या आसपास आणि गणितात चौथीत असू शकते, आणि त्यात बिघडलेले काही नसते. अशा मुलाला वयाप्रमाणे सगळे पेपर एकाच इयत्तेचे दिले तर एकही आकडा कामाचा राहत नाही. फार सोप्या पेपरात ४० पैकी ३९ येतात आणि मूल त्याच्या पुढे किती आहे ते कळत नाही, कारण मोजपट्टी संपली. फार अवघड पेपरात उलटे होते. चार पर्यायांच्या ४० प्रश्नांत नुसत्या अंदाजाने सरासरी १० उत्तरे बरोबर येतात, नशिबाने कधी ७, कधी १३. म्हणजे ११ गुण पडलेल्या मुलाला काहीच येत नाही की थोडे येते, हे त्या पेपरवरून सांगता येत नाही. म्हणून विषयवार वेगळी पातळी घेता येते का हे आधी विचारावे. सरावाच्या नमुना प्रश्नांवरून अंदाज घ्यावा. निम्म्याहून थोडी जास्त उत्तरे बरोबर येत असतील आणि मूल विचार करून लिहीत असेल तर पातळी ठीक आहे. संगणकावरच्या काही चाचण्या उत्तराप्रमाणे पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड करतात, त्यांत ही अडचण बरीच कमी होते. मात्र अशा चाचणीत कितीही हुशार मुलाची बरीच उत्तरे चुकतात, कारण प्रश्न त्याच्या कुवतीच्या कडेवरच धरलेले असतात. हे मुलाला आधी सांगितले नाही तर ते मध्येच हिरमुसते.

तुलनेचा तक्ता, म्हणजे आधी मोजलेल्या मुलांच्या गुणांचा तक्ता कोणता, हेही पाहावे. बऱ्याच चाचण्यांना वर्षाच्या सुरुवातीचे, मधले आणि अखेरचे असे वेगवेगळे तक्ते असतात. वर्षाच्या सुरुवातीला घेतलेल्या पेपरला अखेरचा तक्ता लावला तर मूल विनाकारण मागे दिसते. तक्ता कोणत्या सालच्या मुलांवरून बनवला हेही छापलेले असते. तो जुना असेल तर तुलना जुन्या मुलांशी होते आहे हे लक्षात ठेवावे.

चाचणी घरी कशी घ्यावी याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण निम्मे नुकसान इथे होते. आधी चाचणी घेण्याच्या अटी वाचाव्यात. काही चाचण्या पालकांना स्वतः घेता येतात, काहींना बाहेरचा पात्र माणूस लागतो. पर्याय असेल तर दोन कुटुंबांनी एकमेकांच्या मुलांची चाचणी घ्यावी. आई किंवा बाबा समोर बसले की मूल प्रत्येक उत्तरानंतर त्यांच्या तोंडाकडे बघते, आणि भुवई हलली तरी त्याला कळते. ‘पुन्हा एकदा बघ बरं’ हे वाक्य मायेने म्हटलेले असते, पण तेवढ्याने तो प्रश्न बाद होतो. सूचना पुस्तिकेत आहेत त्याच शब्दांत वाचाव्यात, स्वतःच्या शब्दांत समजावू नयेत. समजवायचे ते सरावाच्या प्रश्नांवर आधीच समजवावे.

सगळे पेपर एका दिवसात उरकू नयेत. तीस-चाळीस मिनिटांची एक बैठक, मग मोकळी सुट्टी, आणि दिवसाला दोन बैठका पुरेत. तीन दिवस लागले तरी चालतील, फक्त सुरू केलेला एक भाग त्याच बैठकीत पूर्ण व्हायला हवा. घड्याळ मुलाला दिसेल असे ठेवावे. घरी शिकणाऱ्या मुलांना वेळ लावून काम करायची सवय नसते, म्हणून आदल्या आठवड्यात दोनदा दहा-दहा मिनिटांचा सराव करून घ्यावा. त्याहून जास्त तयारी नको. महिनाभर जुन्या नमुन्यांवर घोटून घेतले तर गुण वाढतात, पण मग चाचणी मुलाचे गणित मोजत नाही, घोटलेले मोजते.

उत्तरपत्रिकेवरचे गोल रंगवणे ही मोठ्यांना क्षुल्लक वाटणारी गोष्ट आहे. मूल एक प्रश्न सोडते, पण गोल सोडत नाही, आणि तिथून पुढची सगळी उत्तरे एक ओळ सरकतात. बरोबर विचार केलेले वीस प्रश्न चूक ठरतात. ज्याने असे गोल कधी रंगवले नाहीत त्याला कोऱ्या पत्रिकेवर एकदा सराव द्यावा आणि दर दहा प्रश्नांनी क्रमांक जुळतो का ते पाहायला शिकवावे. लहान मुलांसाठी प्रश्नपुस्तिकेतच खूण करायची सोय असलेली चाचणी घ्यावी.

वाचायला अडखळणाऱ्या मुलाला जादा वेळ किंवा मोठी अक्षरे देता येतात का हे पुस्तिकेत पाहावे. परवानगीबाहेरची मदत द्यायची असेल तर द्या, पण त्या पेपरला तक्ता लावू नका आणि कागदावर तसे लिहून ठेवा. गणिताचे शाब्दिक उदाहरण वाचून दाखवले तर निदान गणित तरी कळते. वाचनाचा पेपर वाचून दाखवला तर त्यात मोजण्यासारखे काही उरत नाही. आणि अशी चाचणी वाचनातली किंवा गणितातली अध्ययन अक्षमता शोधू शकत नाही. शंका असेल तर त्या कामाच्या तज्ज्ञाकडेच जावे लागते.

निकाल येण्याआधी एक काम करून ठेवले तर निकाल दुप्पट उपयोगी होतो. चाचणीच्या घटकांची यादी घ्यावी आणि प्रत्येकापुढे ‘शिकवले’, ‘अर्धवट’, ‘अजून नाही’ यांपैकी एक लिहावे. चाचणीचा क्रम शाळेच्या अभ्यासक्रमावर बेतलेला असतो. घरी भूमिती आधी आणि अपूर्णांक नंतर घेतले असतील तर अपूर्णांकात शून्य येणारच, त्यात धक्का बसण्यासारखे काही नाही. लक्ष द्यायचे ते ‘शिकवले’ असे लिहिलेल्या आणि तरी कमी पडलेल्या घटकांकडे. तिथे कारण शोधावे. सगळी चूक उत्तरे विखुरलेली असतील तर बहुधा संकल्पना कच्ची किंवा घाई. शेवटचे आठ-दहा प्रश्न कोरे असतील तर वेळ पुरला नाही. शाब्दिक उदाहरणे चुकली आणि आकड्यांची बरोबर आली, तर अडचण भाषेत असू शकते. तसलेच उदाहरण तोंडी सांगून पाहावे. तोंडी जमले तर गणित पुन्हा शिकवण्याची गरज नाही, वाचन वाढवण्याची आहे.

आता सार्वजनिक वादाबद्दल. घरी शिकणारी मुले चाचण्यांत पुढे असतात असे आकडे समर्थक देतात. अमेरिकेत संशोधक लॉरेन्स रुडनर यांनी १९९८ साली ११,९३० कुटुंबांतल्या २०,७६० मुलांच्या चाचण्या पाहिल्या. त्यांचे मध्यांक (बरोबर मधल्या मुलाचे गुण) बहुतेक ठिकाणी ७० ते ८० पर्सेंटाइलच्या घरात आले. पण हा नियंत्रित प्रयोग नाही, यावरून घरचे शिक्षण शाळेपेक्षा सरस ठरत नाही, असे रुडनर यांनी स्वतःच बजावले होते. ती सगळी कुटुंबे आपणहून चाचणी देणारी होती. ज्यांनी चाचणी घेतलीच नाही त्यांच्याबद्दल ते आकडे काही बोलत नाहीत. २०११ साली कॅनडातल्या एका छोट्या अभ्यासात घरी शिकणाऱ्या ३७ मुलांची तेवढ्याच शाळकरी मुलांशी तुलना झाली. आखून शिकणारी मुले शाळेच्या मुलांपुढे निघाली, आणि काहीही न आखता शिकणारी, जी फक्त १२ होती, ती मागे. बारा मुलांवरून जगाबद्दल बोलता येत नाही, पण ‘घरी शिकणारी मुले’ हा एकच एक गट नाही, एवढे त्यातून नक्की लक्षात यावे. ऐच्छिक चाचणीच्या सरासरीवरून घरच्या शिक्षणाचा पुरस्कार करणारे आणि त्यावर टीका करणारे, दोघेही तिच्याकडून तिला न झेपणारे काम करून घेतात.

सक्तीचा आग्रह धरणाऱ्यांनी एक हिशेब करून पाहावा. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात घरी शिकणाऱ्या मुलांची तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीच्या शेवटी चाचणी घ्यायची असा नियम आहे आणि त्यासाठी १५ पर्सेंटाइलची रेषा आखलेली आहे. पर्सेंटाइलची व्याख्याच अशी आहे की तुलनेच्या गटातली शंभरातली साधारण पंधरा मुले त्या रेषेखाली असतातच. ही शाळेतली मुले असतात, त्यांना रोज शिक्षक भेटतात, आणि त्यांना या आकड्यावरून कोणी शाळेतून काढत नाही. त्यात मोजण्यातली चूक धरली तर रेषेच्या आसपासचे मूल एका दिवशी वर आणि दुसऱ्या दिवशी खाली निघेल. एखाद्या आकड्यावर निर्णय टांगला की लोक तो आकडा वाकवायला लागतात, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्बेल यांनी १९७० च्या दशकातच मांडले होते. घरात हे फार लवकर घडते, कारण शिकवणारा, तयारी करून घेणारा आणि घाबरलेला माणूस एकच असतो.

आमची मागणी एवढीच आहे. चाचण्या सगळ्यांना सहज मिळाव्यात, विषयवार पातळी निवडता यावी, निकालपत्रात त्रुटीची पट्टी गुणांइतक्याच मोठ्या अक्षरात असावी आणि निकाल कुटुंबाच्या हाती राहावा. पालकांनीही सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलाला यात ओढू नये. परीक्षेच्या भीतीने नुकतीच शाळा सोडलेल्या मुलाला निदान वर्षभर यापासून दूर ठेवावे. दोन चाचण्यांत वर्षाचे अंतर असावे, आणि दुसऱ्या वेळी त्याच चाचणीची वेगळी प्रश्नपत्रिका घ्यावी. निकालपत्र फाइलला लावताना त्यावर तारीख, पातळी, प्रश्नपत्रिकेचा क्रमांक, तक्त्याचे साल आणि त्या दिवशी मूल आजारी किंवा झोपाळलेले होते का, हे लिहून ठेवावे. वर्षभराने तोच कागद हाती घेतल्यावर नुसता आकडा काही सांगत नाही. मुलाला काय दाखवायचे असे विचाराल, तर घटकांची यादी दाखवा, आणि त्यातले पुढचे कोणते घ्यायचे ते त्यालाच निवडू द्या.

आपले,
घरी शिकणाऱ्या मुलांच्या चाचण्यांचे काम करणारे काही शिक्षक